नऊ वाजून दहा मिनिटं

रात्रीचे नऊ दहा झाले, की आमच्या घरात एक आरोळी उठते. "कोण डाउनलोड करून राहिला बे?" ही आरोळी नागपूरकराची. मग आतल्या खोलीतून "मी न्हाई भावा!" असं उत्तर येतं. ते कोल्हापूरकराचं. आणि ते बहुतेक वेळा साफ खोटं असतं.

घणसोलीतला टू बीएचके, भाडेकरू चार. नावं छापली तर तिघं मिळून मला मेसमधून काढतील, म्हणून गावावरूनच ओळखा. नागपूरकर महापेच्या एका आयटी कंपनीत आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि क्लायंट अमेरिकेत. म्हणजे त्यांची सकाळची कॉफी ती आमची जेवायची वेळ. कोल्हापूरकर बँकेत, सातला घरी. त्यानंतर क्रिकेट किंवा गेमिंग, बरेचदा दोन्ही. लातूरकर सीएची आर्टिकलशिप करतो, त्यामुळे त्याची सगळी मदार स्टायपेंडवर. चौथा मी. मला या सगळ्यातून कॉलम काढायचा असतो.

चौघांत मिळून ब्रॉडबँडचं कनेक्शन एकच. कागदावर पन्नास एमबीपीएस. बिलाचे चार समान भाग. इथवर सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं.

मग एप्रिलमधली ती रात्र आली. हॉलमध्ये आयपीएल. आत नागपूरकराचा क्लायंटसमोर डेमो. दोन महिने खपून त्याने काहीतरी बनवलं होतं, आणि ते दाखवायला त्याला चाळीस मिनिटं मिळाली होती. सातव्या मिनिटाला स्क्रीन गोठली. नवव्या मिनिटाला त्याचा आवाज रोबोसारखा यायला लागला. समोरचे सभ्यपणे थोडा वेळ थांबले आणि मग सभ्यपणेच "नंतर बघू" म्हणाले. पुढच्या आठवड्यात तो डेमो हैदराबादच्या टीमने दिला. त्या रात्री नागपूरकर आरोळी न मारता गॅलरीत जाऊन बसला. मॅच कोण जिंकलं, हे आम्हाला कुणालाच विचारायचं धाडस झालं नाही.

आता यातला विनोद बघा. आम्ही राहतो घणसोलीत. जिथून जिओचा कारभार चालतो ते रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आमच्या गावात. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटर्सच्या बिनखिडक्यांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. अर्ध्या देशाचे फोटो, पेमेंट आणि वेबसीरिज आमच्या शेजारून वाहतात, आणि आमच्याकडे मात्र ते गोल चक्र फिरत बसतं. धरणाखाली राहून टँकर मागवण्यातलाच प्रकार.

नेटवाल्याला बोलावलं. चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही, फक्त खरं उशिरा सांगतो. "सर, पन्नास म्हणजे पन्नासपर्यंत," तो म्हणाला. "लाइन ओके आहे. लोड आहे." मग त्याने जिन्यातला डबा उघडून दाखवला. या एका डब्यातून आमच्या विंगमधली सतरा घरं चालतात. प्रत्येकाला पन्नास विकलेत, पण डब्यात येणारी केबल सतरा पन्नासांना पुरेल इतकी नाही. तशी ती कुठेच नसते. सगळे एकाच वेळी नळ उघडणार नाहीत, या भरवशावर हा धंदा चालतो. दुपारी तीनला हा भरवसा बरोबर असतो. रात्री नऊला सतराच्या सतरा नळ उघडे असतात. मी नऊ दहाला मोजलं: नऊ एमबीपीएस.

इंटरनेट मूळचं हे असं का वागतं, याची गोष्ट मला फार आवडते. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातलं अंतर चारशे यार्डांचं. म्हणजे आमच्या बिल्डिंगपासून कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यापर्यंत. त्या लाइनचा वेग एक दिवस ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला चाळीस बिट्सवर आला. हजार नाही, नुसते चाळीस! कारण असं, की पाकीट पोहोचलं नाही की प्रत्येक कॉम्प्युटर तेच पाकीट पुन्हा पाठवायचा. त्याने गर्दी आणखी वाढायची, की पुन्हा पाठवायचा. दादरच्या पुलावर मागून रेटा वाढला की काय होतं, ते आठवा. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कारेल्स यांनी यावर जो तोडगा काढला तो १९८८मध्ये छापून आला, आणि त्याची पिल्लं आजही तुमच्या फोनमध्ये आहेत. तोडगा साधा: पाकीट हरवलं, तर समजा पुढे गर्दी आहे, आणि स्वतःहून हळू व्हा. सगळेच हळू झाले की वाट मोकळी होते.

यात पैसा कुठेच नाही. कुणाचं काम किती महत्त्वाचं, हेही कुणी विचारत नाही. नागपूरकराचा डेमो आणि कोल्हापूरकराचा गेम अपडेट, नेटच्या लेखी दोघे रांगेतले इसम. वर कोल्हापूरकराचा गेम एकाच वेळी आठ कनेक्शनं उघडतो, म्हणजे रांगेत आठ जागांवर रुमाल टाकून ठेवतो.

तर रविवारी बैठक बसली. ठराव एकच: ज्याला जास्त हवं त्याने जास्त द्यावं. पण जास्त म्हणजे काय? इथे आमचं गाडं अडलं. गंमत म्हणजे जगभरातल्या मोठमोठ्या डोक्यांचं गाडंही इथेच अडलं होतं.

पहिली कल्पना लातूरकराची. सीए तो, त्याला मीटर दिसला. "जितके जीबी, तितके पैसे." आम्ही राउटरमधून महिन्याचा हिशोब काढला आणि हॉलमध्ये शांतता पसरली. एकूण डेटापैकी दोन-तृतीयांश कोल्हापूरकराचा. लातूरकराचा शेकडा चार. चार! आणि बिल मात्र चार वर्षं चौथाई. लातूरकर काही बोलला नाही, फक्त एक्सेलमध्ये तो आकडा पिवळा केला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बर्कलेमध्येच इंडेक्स नावाचा एक प्रयोग झाला. त्यामागचे एक प्रमुख प्राध्यापक होते प्रवीण वरैया, आपल्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयचे माजी विद्यार्थी. विद्यापीठातल्या काही डझन लोकांना घरी नेट दिलं आणि स्क्रीनवर वेगाची बटणं दिली. ८ केबीपीएसपासून १२८ केबीपीएसपर्यंत. प्रत्येक बटणाचा मिनिटाचा दर वेगळा. हवं तेव्हा वेग वाढवा, नको तेव्हा कमी करा, मीटर चालू. लोक खरंच बटणं दाबत होते. ईमेल वाचताना हळू, फाइल उतरवताना जोरात. आणि निघालेला निष्कर्ष आमच्या पिवळ्या चौकोनासारखाच होता: सगळ्यांना एकच ठोक दर लावला, की कमी वापरणारे जास्त वापरणाऱ्यांचं बिल भरतात, आणि वर बरीच क्षमता वायाही जाते. वरैया २०२२मध्ये गेले.

याच प्रयोगावर काम केलेले हॅल व्हॅरियन त्याआधी जेफ्री मॅकी-मेसन यांच्याबरोबर आणखी पुढे गेले होते. त्यांचं म्हणणं, प्रत्येक पाकिटावर बोली लावा. गर्दी नसेल तर दर शून्य. गर्दी झाली की ज्यांची बोली वरची ती पाकिटं आधी जातील, आणि सगळे भरतील तो दर सर्वात वरच्या नाकारलेल्या बोलीचा. कागदावर सुंदर. हे व्हॅरियन पुढे गूगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, त्यामुळे बोली लावायची हौस जाहिरातींवर पुरेपूर भागली असणार. पण व्हिडिओ कॉलवर असताना आपलं प्रत्येक वाक्य लिलावात उभं आहे, ही कल्पना करून बघा. "हॅलो" पाच पैशांना गेलं, "कसा आहेस"ला बोली कमी पडली.

लोकांना मीटर नको असतो, हे खरं. डिसेंबर १९९६मध्ये अमेरिकेत एओएलने तासावारी दर सोडून महिन्याला १९.९५ डॉलर, हवं तितकं वापरा, असं केलं. लोक फोन लावायचे आणि ठेवायचेच नाहीत. एंगेज टोन, शिव्या, कोर्टकज्जे, सगळं झालं. तरी ठोक दर गेला नाही. अनलिमिटेड थाळीत चौथी पुरी न खाणारा माणूसही थाळीच मागवतो. जेवताना हिशोब नको, त्या निश्चिंतीचे तो जास्तीचे पैसे देतो. आमच्याकडेही तेच झालं. मीटर लागल्यावर दोन दिवसांत कोल्हापूरकर मॅच बघताना दर ओव्हरला "किती झालं?" विचारायला लागला. त्याचं बघून आमचीही मजा गेली. आणि मुख्य म्हणजे, त्याचे बरेचसे जीबी पहाटे एक वाजता उतरत होते. पहाटे एकच्या जीबीने नागपूरकराचं काय बिघडवलं होतं?

इथे मला पहिल्यांदा कळलं, की आपण चुकीची वस्तू मोजतोय. गर्दी जीबीची नव्हती. गर्दी नऊ वाजून दहा मिनिटांची होती.

हे आपल्या आईबाबांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. एसटीडी बूथचा जमाना आठवा, किंवा घरी विचारा. रात्री उशिरा पाव दर सुरू व्हायचा आणि पिवळ्या पाटीखाली रांग लागायची. गावाकडची ख्यालीखुशाली, लग्नाची बोलणी, सगळं रात्री. दिवसा लाइन धंदेवाल्यांना मोकळी, रात्री रिकाम्या तारांवर घरगुती गप्पा. पुढे तीच युक्ती ब्रॉडबँडला लागली. एमटीएनएलचं ट्रायबँड मुंबईत २००५मध्ये आलं, त्यात नाइट अनलिमिटेडचे प्लॅन होते. बीएसएनएलच्या होम ५००मध्ये रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. दोनचा गजर लावून उठायचं, डाउनलोड चालू करायचं आणि पुन्हा झोपायचं, ही एका पिढीची साधना होती. जिओने सप्टेंबर २०१६मध्ये दर जाहीर केले तेव्हा त्यातही रात्री दोन ते पाच अनलिमिटेड होतं. व्होडाफोन आयडियाने २०२१च्या फेब्रुवारीत रात्री बारा ते सहाची सोय आणली. म्हणजे गर्दीच्या वेळेला दर, रिकाम्या वेळेला सूट, ही गोष्ट आपल्याकडे कुणी पुस्तकातून शिकवावी लागलेली नाही.

याउलट रोजच्या डेटाची मर्यादा बघा. जिओची सेवा सुरुवातीला फुकट, दिवसाला चार जीबी पूर्ण वेगाने. गर्दी इतकी झाली, की १ जानेवारी २०१७पासून ते चाराचं एक जीबी केलं, पुढे वेग कमी. कंपनीनेच तेव्हा सांगितलं, की ऐंशी टक्के ग्राहक दिवसाला एक जीबीपेक्षा कमी वापरतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांमुळे इतरांना त्रास होतो. आमच्या हॉलमधलंच चित्र, फक्त कोट्यवधींच्या संख्येने. पण एक जीबी रात्री नऊला वापरला काय आणि पहाटे तीनला वापरला काय, मीटरला सारखंच. शिवाय उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. म्हणून रात्री अकरा चाळीसला आमचा कोल्हापूरकर मोबाइलवर काहीही बघत बसतो. ताटात टाकू नये, या संस्काराने!

पण वेळेचा दर आमच्या घरात चालेना. कारण उघड आहे. नागपूरकराचा क्लायंट नऊला उठतो. मॅच नऊला असते. आणि लातूरकराचा शेकडा चार टक्के डेटा? तोही नऊचाच. त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल. ती अंगणवाडीत काम करते. दिवसभराचं सगळं आटोपून, जेवणं झाल्यावर, वीस मिनिटं. याव्यतिरिक्त हा मुलगा नेटवर फारसं काही करतच नाही.

मग नागपूरकर म्हणाला, "मी महिन्याला तीनशे जास्त देतो. नऊ ते दहा मला प्रायोरिटी द्या." राउटरमध्ये तशी सोय असते. त्याच्या लॅपटॉपला चार एमबीपीएस राखून ठेवायचे, उरलेल्यात बाकीचे. तीनशे रुपये आम्हा तिघांत वाटायचे. पैसे मिळतायत म्हटल्यावर आम्ही लगेच हो म्हटलं. लातूरकरानेही.

ही कल्पनासुद्धा जुनीच. अँड्र्यू ओडलिझ्को नावाच्या गणितज्ञाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ती मांडली आणि नाव दिलं पॅरिस मेट्रो. पॅरिसच्या मेट्रोत पूर्वी फर्स्ट क्लास होता. डबे, सीट्स सगळं सेकंड क्लाससारखंच. फक्त तिकीट महाग. महाग म्हणून लोक कमी, लोक कमी म्हणून बसायला जागा, आणि जागा मिळते म्हणून महाग तिकीट काढणारे खूश. १९९१मध्ये तो बंद झाला. ओडलिझ्को म्हणाले, नेटही असंच विभागा. दोन वाटा सारख्याच, एक महाग. गर्दीचं काय ते दर बघून घेईल.

आपल्याला पॅरिसला जायची गरज नाही. ठाणे-वाशी लाइनवर या. फर्स्ट क्लासचा पास कित्येक पट महाग, गाडी तीच, स्टेशनं तीच, लेट झाली तर सगळ्यांनाच लेट. त्या जादा पैशांत तुम्ही विकत घेता ती एकच गोष्ट: दुसऱ्याची गैरहजेरी. (सकाळी आठच्या पुढे तीही मिळत नाही, हा भाग वेगळा.)

आपल्याकडे मोबाइलवर हे करून बघितलं गेलं. व्होडाफोन आयडियाने २०१९च्या नोव्हेंबरमध्ये रेडएक्स नावाचा महागडा पोस्टपेड प्लॅन आणला, जास्त वेगाच्या दाव्यासह. एअरटेलने २०२०मध्ये ४९९ आणि त्यावरच्या पोस्टपेड ग्राहकांना प्लॅटिनम म्हणून ४जीवर प्राधान्य जाहीर केलं. जुलै २०२०मध्ये ट्रायने दोन्हींना थांबायला सांगितलं. यात फेब्रुवारी २०१६चा नियम नव्हता. तो वेगळा. फेसबुकच्या फ्री बेसिक्सवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हा ट्रायने केलेला, की कोणती साइट बघता यावरून डेटाचा दर बदलायचा नाही. इथे साइट कोणतीही असो, माणूस कोणता यावरून वेग ठरणार होता. आणि ट्रायचा प्रश्न मला फार नेमका वाटतो: यांना जास्त वेग देताना बाकीच्या ग्राहकांचा कमी होणार नाही, हे तुम्ही कशावरून सांगता? व्होडाफोन आयडिया ट्रिब्युनलमध्ये गेली, तूर्त दिलासाही मिळाला. पुढे तो जास्त वेगाचा दावा प्लॅनमधून गेला.

हा प्रश्न आमच्या हॉलमध्ये कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं.

नागपूरकराचा कॉल झकास चालला होता. हॉलमध्ये मॅच थोडी अडखळत होती, पण ते अॅप हुशार, मिळेल तेवढं ओढून घेतं. आतल्या खोलीतून लातूरकराच्या फोनवरून त्याच्या आईचा आवाज येत होता. "आरं बाळा, तोंड दिसंना की रे तुजं. नुसता आवाज यायलाय." मग तोही तुटला. पुन्हा लागला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "राहू दे, कामात असशील," आणि ठेवून दिला. पुढचे दोन दिवस तिने व्हिडिओ कॉल केलाच नाही, साधा फोन केला. मुलगा कामात असतो, असा तिचा समज झाला होता.

लातूरकराला या महिन्यात शंभर रुपये मिळणार होते. ते पुरेसे आहेत का, हे आम्ही त्याला विचारलं नाही. तोही बोलला नसता.

मी बराच विचार केला यावर. नागपूरकर लबाड नाही. त्याची गरज खरी होती, तीनशे रुपयेही खरे होते. गडबड अशी झाली, की त्याचे चार एमबीपीएस नवे आले नव्हते. ते आमच्यातूनच निघाले. मॅचने आपला वाटा ओढला, आणि सगळं उणं झालं ते ज्याला ओढता येत नाही त्याच्याकडून.

ऑगस्ट २०२२मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक रेल्वेविरुद्ध उतरले होते, आठवतंय? एसी लोकलला कुणाचा विरोध नव्हता. राग याचा होता, की साध्या गाडीच्या जागी एसी गाडी लावली. ज्याला एसी परवडत नाही त्याची गाडीच गेली. शेवटी मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. आता तो अटल सेतू घ्या. कारला एका फेरीचे अडीचशे रुपये. महाग आहे, मी दोनदाच गेलोय, दोन्ही वेळा पैसे दुसऱ्याने भरले. पण जानेवारी २०२४मध्ये तो उघडला तेव्हा वाशीच्या खाडीपुलाची लेन काही कमी झाली नाही. उलट तिथून जाणारा जो कुणी अडीचशे भरून तिकडे वळला, त्याने इकडची जागा सोडली. दोन्हीकडे पैसे देऊन वेग घ्यायचा. पण एकीकडे नवा पूल आहे, दुसरीकडे जुन्याच पुलावरची लेन अडवलेली.

म्हणून जेव्हा केव्हा मला "प्रीमियम", "प्रायोरिटी", "बूस्ट" असं काही विकायला येतं, तेव्हा मी आता पूल कुठला, एवढंच बघतो. बहुतेकदा सांगणाऱ्यालाच माहीत नसतं. जुलै २०२४मध्ये मोबाइलचे दर वाढले तेव्हा जिओने अनलिमिटेड ५जी दिवसाला दोन जीबी किंवा जास्तीच्या प्लॅनपुरतं ठेवलं. आमच्यापैकी लातूरकर सोडून सगळे त्यात बसलो. ५जीच्या तंत्रात तर एकाच नेटवर्कच्या वेगवेगळ्या राखीव वाटा करायची सोय मुळातच आहे. म्हणजे आमच्या राउटरवरचा खेळ उद्या टॉवरवर होऊ शकतो.

दुसऱ्या रविवारी बैठक क्रमांक दोन. प्रायोरिटी रद्द, एकमताने. नागपूरकराने स्वतःच रद्द करायला सांगितलं, कारण आईचा तो संवाद त्याने भिंतीपलीकडून ऐकला होता. मग कोल्हापूरकर, ज्याच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती, तो म्हणाला, "मी ४८० वर बघतो की. कोहलीच हाय, वळकतोय मी."

यालाही इतिहास आहे बरं का. मार्च २०२०, लॉकडाउन लागत होता, सगळा देश घरात, नेटवर ताण. तेव्हा दर वगैरे कुणी काढला नाही. २४ मार्चला नेटफ्लिक्सपासून हॉटस्टारपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवलं, की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर व्हिडिओ ४८०पीच्या वर द्यायचा नाही. आपल्याला फरकही फारसा कळला नाही. आम्ही हिशोब केला: हॉलमधली मॅच एचडीवर पाचेक एमबीपीएस खात होती, ४८०वर दीडच्या आसपास. साडेतीन एमबीपीएस सुटले, कुणाला एक रुपया न देता. कोल्हापूरकराचा गेम अपडेट रात्री एकला लावला. आणि हो, लातूरकराचं बिल निम्मं केलं. कोल्हापूरकराने त्याचं उरलेलं निम्मं उचललं, थोडी कुरकुर करून.

पण हे आमच्या घरापुरतं. चार जणांत लाज वाटते, सतरा घरांत कशी वाटणार? तिथे पैसाच लागतो. नेटवाला म्हणतो, डब्यापर्यंत दुसरी केबल ओढायला बारा घरांनी सहा महिने शंभर रुपये जास्त द्यायला हवेत. नागपूरकर म्हणाला, माझे तीनशे त्यात घाला. गेले दोन शनिवार तो आणि मी वहीत सह्या घेत फिरतोय. सात झाल्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मला काय करायचंय, मी तर नऊला झोपतो." त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्याकडून घेऊ नये, असं माझं मत आहे. नागपूरकराचं नाही. त्यावरून जिन्यात आमचं वीस मिनिटं वाजलं.

काल रात्री नऊ दहाला मी मुद्दाम हॉलमध्ये बसलो होतो. मॅच थोडी धुरकट, पण चालू. नागपूरकराच्या खोलीतून इंग्रजी. आणि लातूरकराच्या फोनमधून,

"आज दिसायलास बघ. दाढी कर की रं जरा."